काचेची शाळा आणि तासाचे भाडे

काचकलेचे वर्ग चालविणाऱ्या व भट्टी आणि हत्यारे भाड्याने देणाऱ्या कलाशाळांचा अलीकडे बराच गौरव होतो. त्यास आमची हरकत नाही; परंतु त्यांची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हे कोणी सांगत नाही. आमच्या मते ती कसोटी १९०८ साली तळेगाव दाभाडे येथेच घालून दिली गेली. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा मागून उभारलेल्या, लोकमान्यांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडाचा तो काचकारखाना. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तज्ज्ञ होते. काच विकावयाची होतीच. पण त्याहून अधिक, काच करणारे हात घडवावयाचे होते. एकट्या होतकरू तरुणास न परवडणारी भट्टी तेथे लोकांच्या पैशाने पेटली. सौंदर्यदृष्टी मात्र तेथे मागे राहिली, हे आम्ही मान्य करतो. देशाला तेव्हा दिव्यांच्या चिमण्या हव्या होत्या.

आज उलट झाले आहे. रंगांची हौस भरपूर, धीर थोडा. वस्तुतः काच तापविणे हे निम्मेच काम होय. खरी विद्या ती निवविण्यात आहे. सुमारे पाचशे अंशांच्या आसपास तिला सावकाश उतरू दिले नाही, तर आतला ताण तसाच राहतो आणि वरून निर्दोष दिसणारी वस्तू पुढे केव्हातरी तडकते. कमीअधिक प्रसरण पावणाऱ्या दोन काचा एकत्र वितळविल्या तर कितीही सावकाश निवविल्या तरी त्या नांदत नाहीत. (याबाबतीत काच माणसांहून प्रामाणिक आहे.)

आता भाड्याचे पाहू. १८७२ च्या करार कायद्याच्या १५० व्या कलमान्वये भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असल्यास, तो देणाऱ्यास ठाऊक नसला तरी, त्यामुळे होणाऱ्या नुकसानीस तोच जबाबदार. परंतु भट्टी कलाशाळेतच राहिली, तर तिचा ताबा विद्यार्थ्याकडे गेला असे म्हणता येईल काय? वकिलांना आवडेल असा हा वाद आहे. विद्यार्थ्याला तो परवडणारा नाही. तडकलेल्या कामाचे पैसे कोणी सोसावयाचे, हे आधीच कागदावर यावे.

याहून गंभीर दोष तासावारी आकारणीचा. घड्याळ पैसे मोजू लागले की गरीब विद्यार्थी प्रथम निवविण्याचाच वेळ छाटणार. अणशीचेच उदाहरण घ्या. कंदिलाची काच आणि कांकणां एवढीच काचेची जुनी ओळख असलेल्या या गावाभोवती राष्ट्रीय उद्यान व काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे; लाकडाची भट्टी येथे पेटविण्याचा प्रश्नच नाही. येथली एखादी मुलगी ही कला शिकू म्हणेल, तर तिला घाट उतरून शहरातली भाड्याची भट्टीच गाठावी लागेल, आणि परतीची गाडीही पकडावी लागेल. तिच्याकडून तासाचे नव्हे, एका भाजणीचे भाडे घ्यावे. काम रात्रभर भट्टीतच निवू द्यावे, आणि पुढल्या खेपेस तिच्यादेखत ते बाहेर काढावे.