दोन म्हातारे, एक निवेदक

इझाक बाबेलचा ‘रेड कॅव्हलरी’ (१९२६) हा कथासंग्रह मी एम. ए. ला असताना इंग्रजीतून वाचला, तेव्हा त्यातल्या सूर्यास्तांवर लुब्ध झालो होतो. परवा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुन्हा हाती घेतला आणि नजर खिळली ती दोन म्हाताऱ्यांवर.

१९१७ साली झारशाही कोसळली आणि युक्रेनच्या भूमीवर लाल सैन्य, पांढरे सैन्य, युक्रेनी राष्ट्रवादी, पोलिश फौजा आणि नुसतेच लुटारू एकमेकांवर तुटून पडले. कोणीही जिंको, लुटले जात ते ज्यू. १९१९ च्या फेब्रुवारीत प्रोस्कुरीव्ह गावात काही तासांत दीडएक हजार माणसे कापली गेली. १९२१ पर्यंतच्या बळींचे अंदाज पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जातात.

बाबेल स्वतः ओदेसाचा ज्यू. १९२० साली बुद्योन्नीच्या घोडदळात तो वार्ताहर म्हणून गेला, तो ‘ल्युतोव’ हे रशियन नाव घेऊन. त्या शब्दात क्रूरपणाचा अर्थ आहे! घरची यिडिश त्याला कळे, पण कोसॅकांसमोर तो गप्प राही. एक भाषा उंबऱ्याआड ठेवून दुसरी बाजारात बोलणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पहिल्याच कथेत निवेदक एका ज्यू घरात मुक्काम करतो. रात्री कळते की शेजारी पांघरुणाखाली झोपलेला म्हातारा मेलेला आहे. पोलिश सैनिकांनी त्याचा गळा चिरला आहे. मुलीच्या डोळ्यांदेखत नको, अंगणात मारा, एवढीच त्याची विनवणी होती. तीही ऐकली गेली नाही. मग ‘बेरेस्तेच्को’ ही कथा येते. तिथेही एक ज्यू म्हातारा, तसाच गळा. पण सुरी चालवणारा निवेदकाच्याच घोडदळातला. तो अंगावर रक्त उडू नये एवढी काळजी घेतो. निवेदक पुढे चालू लागतो, आणि चौकात कमिसार लोकांना सांगत असतो की आता सत्ता तुमची आहे.

माझ्या मते संग्रहाचा कणा या दोन गळ्यांत आहे. समीक्षक बाबेलच्या प्रतिमांचे कौतुक करतात. मला त्या कित्येकदा जड दागिन्यांसारख्या वाटतात. ‘बेरेस्तेच्को’तल्या खुनापाशी मात्र त्याने एकही दागिना घातलेला नाही.

तरी एक तक्रार उरतेच. त्याच्या १९२० च्या रोजनिशीत कोमारूव गावची नोंद आहे. आधीच्या टोळीने कत्तल केलेल्या त्याच घरांतून ‘आपले’ सैनिक निर्विकारपणे लूट करीत हिंडतात, असे त्याने लिहिले आहे. देमिदोव्कात तर मंदिरनाशाच्या उपवासाच्या दिवशी घरच्यांना बटाटे खणायला लावले जाते. सगळे समजत असूनही बाबेल तिथे ल्युतोवच राहतो, घरच्या माणसांना दिलाशाच्या थापा मारतो. कथांतला निवेदक इतका उघडा पडत नाही. संग्रह वाचल्यावर ती रोजनिशी अवश्य वाचावी. तिच्यात सूर्यास्त कमी आहेत.