वसईचा किल्ला

वसईचा किल्ला : महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) पोर्तुगीज बांधणीचा तटबंदीयुक्त नगरदुर्ग. मुंबईच्या उत्तरेस सुमारे ५० किमी.वर, वसईच्या खाडीच्या मुखाशी तो उभा असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे ते संरक्षित स्मारक आहे. त्याच्या उत्तरेस सोपारे, बोळिंज, आगाशी अशी जुनी गावे पसरली आहेत. सोपारे हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. आगाशी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. वसईचे महत्त्व पोर्तुगिजांनी निर्माण केले नाही; या समृद्ध किनारपट्टीवर त्यांनी आपला तट चढविला, एवढेच.

हुमायूनच्या आक्रमणाच्या भीतीने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. गव्हर्नर नूनो द कुन्या याच्या आज्ञेवरून गार्सिया द सा याने १५३६ मध्ये बालेकिल्ला बांधला. पुढे वस्ती वाढली आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्याभोवती दहा बुरुजांचा विस्तीर्ण बाह्यतट उभा राहिला. यानंतर वसई पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी बनली.

या किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मराठी लेखकांचे लक्ष १७३९ च्या विजयावर, तर पोर्तुगीज परंपरेतील लेखकांचे गमावलेल्या वैभवावर खिळलेले दिसते. झुझे गेर्सन द कुन्या यांचा चौल व वसई यांवरील ग्रंथ (१८७६) शिलालेखांच्या दृष्टीने मोलाचा आहे. वास्तू म्हणून किल्ल्याचे परीक्षण मात्र क्वचितच झाले, आणि खरे कुतूहल तेथेच आहे. कारण दुर्गरचनेची दोन युगे येथे एकाच आवारात शेजारी शेजारी दिसतात.

मध्ययुगीन यूरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, दुर्गाचे बळ उंचीत मोजले जाई. सेन नदीकाठचा शातो गायार (११९६–९८) किंवा तेराव्या शतकातील कूसीचा सु. ५४ मी. उंचीचा मनोरा (१९१७ मध्ये जर्मन सैन्याने सुरुंगाने उडविला) ही त्याची ठळक उदाहरणे होत. शिडी व गोफणयंत्र हीच हल्ल्याची साधने होती तोवर उंच भिंत उपयोगी होती. तोफ आल्यावर तीच भिंत सोपे लक्ष्य ठरली. १४९४ मध्ये फ्रेंच राजा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला. त्यानंतर तेथील वास्तुविदांनी बुटके, रुंद व कोनाकृती बुरूज रूढ केले. अशा बुरुजाच्या बगलेतून शेजारच्या तटाच्या संपूर्ण पृष्ठावर मारा करता येतो. गोल बुरुजापुढे राहणारा आंधळा कोपरा उरत नाही.

वसईचा बालेकिल्ला हा पहिल्या परंपरेचा अवशेष. त्याचा आराखडा अनियमित, बुरूज वर्तुळाकार, आणि दारावर पोर्तुगीज राजचिन्हांचे कोरीवकाम आहे. बाह्यतट दुसऱ्या परंपरेचा आहे. दोहोंमध्ये अर्धशतकाहून अधिक अंतर नसावे, तरी विचारांत मोठे अंतर पडले आहे. भूदरवाजाची वळणदार वाट हल्लेखोराला थेट धावू देत नाही. खाडीकडचा समुद्रदरवाजा मात्र बंदराच्या सोयीचा, व्यापाऱ्याच्या दृष्टीने बांधलेला. पाण्याच्या व दलदलीच्या बाजूंनी निसर्गाने रक्षण केले. कसोटी लागली ती जमिनीकडील बाजूची.

तटातील वास्तू लष्करी कमी आणि नागरी व धार्मिक अधिक आहेत. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन पंथांची चर्चे, मठ आणि सेंट जोसेफचे प्रमुख चर्च यांच्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. सेंट जोसेफची १६०१ मध्ये पुनर्रचना झाली. त्याच्या मनोऱ्यात चक्राकार जिना आहे. येशूसंघाच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत सुबक असून गोव्यातील बॉं जेझूच्या वळणाचा वाटतो. त्या गोमंतकीय चर्चच्या शोभेसाठी वसईचाच काळा दगड नेला गेला, हे येथे ध्यानात घ्यावे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेखांच्या समाधिशिला आहेत. ही चर्चे शोभिवंत खरी. पण सैन्याच्या मुक्कामासाठी वा रसदीसाठी त्यांचा फारसा उपयोग नव्हता. जपानमध्ये १५९७ साली हुतात्मा झालेला व १८६२ मध्ये संतपद मिळालेला गोन्सालो गार्सिया हा वसईचाच होता.

दुर्गाचा पाडाव रचनेतील दोषामुळे झाला, हे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. कोनाकृती बुरुजांची पद्धत पुरेशी शिबंदी आणि बाहेरून येणारी कुमक गृहीत धरते. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी, १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर घेऊन वसई एकाकी पाडली. मुंबईच्या इंग्रजांनी दिलेली मदतही मर्यादित होती. फेब्रुवारीपासून चिमाजी आप्पाने जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकविले आणि बुरुजांखाली सुरुंग लावले. १५५४ चा शिलालेख असलेला सेंट सेबॅस्टियन बुरूज त्यात फुटला. हल्ल्यांत मराठ्यांचे हजारो लोक पडले. १६ मे १७३९ रोजी तहनामा झाला व सैन्याला आपल्या चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा मिळाली. तोफेपासून रक्षणासाठी रचलेला तट शेवटी जमिनीखालच्या दारूने उघडला.

१७८० मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला जिंकला, सालबाईच्या तहाने (१७८२) तो मराठ्यांकडे परत आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच ठिकाणी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या तहाने पेशवाईचे स्वातंत्र्य संपुष्टात आले. वसईतील चर्चच्या घंटा मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१, तर मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. तटांतर्गत नागेश्वराचे देवालय आहे. इतरत्र वड-पिंपळाच्या मुळ्यांनी सांधे उकलले असून जाड झाडीमुळे पूर्ण आराखडा एका दृष्टिक्षेपात कळत नाही; तो समजण्यासाठी तटावरून फिरावे लागते.