बांध कुणाचा? 'लाबोरेम एक्झेर्सेन्स'मधील मालकीविचार

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकातील चौदावा परिच्छेद मालकीविषयी आहे. धर्मशिक्षकांच्या वर्गात तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो: खाजगी मालमत्ता मान्य, साम्यवाद अमान्य. मूळ लेखन इतके सोपे नाही. खाजगी मालकीचा हक्क सर्वांच्या उपभोगाच्या हक्काच्या अधीन आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. उत्पादनसाधने शासनाच्या हाती गेली एवढ्याने ती समाजाची होत नाहीत, असेही बजावले आहे. कारण धन्याच्या जागी कारभाऱ्यांचा लहानसा गट येऊन बसतो आणि श्रमिक होता तेथेच राहतो. आपल्या श्रमामुळे आपण येथले सहमालक आहोत असे प्रत्येकाला मानता यावे, ही परिपत्रकाची कसोटी होय.

ती गोव्याच्या गावकरीला लावून पाहण्याजोगी आहे. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतील कोमुनिदाद, ना शासनाची, ना एका धन्याची. तिच्या रूढी १५२६ च्या फोरालमध्ये नोंदल्या गेल्या. संस्था त्याहून पुरातन. जमीन गावाची. शेते लिलावाने कसावयास दिली जात. उत्पन्नातून सरकारदेणे, देवस्थान (पुढे चर्च) आणि बांधबंदिस्ती यांचा खर्च भागे व शिल्लक गावकारांत वाटली जाई. आपल्याकडे हिचे वर्णन पुष्कळदा गहिवरून केले जाते. परंतु बहुतेक गावांत वाटा मिळे तो मूळ घराण्यांच्या पुरुष वंशजांना. चिखलात राबणारे कूळ 'सर्वां'त मोजलेच जात नसे. मालकी जन्माची होती, श्रमाची नव्हे. तेव्हा परिपत्रकाच्या कसोटीला गावकरी उतरत नाही.

मात्र ती कसोटीही येथेच अपुरी पडते. खाजन जमीन खाडीच्या पातळीहून सखल असते. तिला तारतात ते मातीचे बांध, आणि भरतीला मिटणारी व ओहोटीला उघडणारी मानस. गावकरीने ही व्यवस्था शतकानुशतके सांभाळली. कुळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. हा न्यायच झाला, त्याविषयी दुमत नसावे. बांधांची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांवर आली होती. पण कित्येक ठिकाणी संघ नावापुरते उरले, बांध फुटले आणि भातशेतीत खारे पाणी शिरले. (कुळकायदा हे एकच कारण नव्हे, महागलेली मजुरी आणि मानशीवरील मासळीचा लोभ हीही कारणे आहेत.) शेताला धनी लाभला, बांध बेवारस झाला. ज्याची वाटणी होऊच शकत नाही त्याची देखभाल कोणी करावी, यावर चौदावा परिच्छेद मौन आहे. सहमालकी, नफ्यातील वाटा, कारभारातील सहभाग हे त्याने सुचविलेले उपाय मुख्यतः कारखाना नजरेसमोर ठेवून आलेले दिसतात.

वास्तविक उत्तराचे बीज तेराव्या परिच्छेदात आहे. श्रम करणारा दोन वारशांत प्रवेश करतो, असे पोपमहाशय तेथे सांगतात: एक सृष्टीचा, दुसरा पूर्वीच्यांनी घडविलेल्या साधनांचा. बांध हा दुसरा वारसा. वारसा म्हटला की हक्काबरोबर राखणही आली. पण हा धागा पुढल्याच परिच्छेदात सुटतो.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाने तो सोडलेला नाही. सर्व काही समाईक असल्याचे चौथ्या अध्यायात सांगून झाल्यावर सहाव्यात रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची हेळसांड झाल्याची तक्रार येते, आणि त्या कामासाठी सात जण नेमले जातात. आपली प्रवचने मात्र बहुधा हनन्या व सप्पीरा यांच्यापाशीच थांबतात.