व्यवसाय प्रशिक्षणाचा प्रसार : निधी देणाऱ्यासाठी की शिकणाऱ्यासाठी?
(अंबरपेठ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक विचार)

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय साहाय्याने चालणाऱ्या व्यवसाय प्रशिक्षणाच्या प्रकल्पांविषयी लिहिताना अभ्यासक्रम, यंत्रसामग्री आणि निधी यांची चर्चा भरपूर होते. प्रशिक्षणाची माहिती शिकणाऱ्याला कोणत्या शब्दांत, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या हेतूने सांगितली जाते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात हैदराबादमधील अंबरपेठ व लगतच्या परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. कम्युनिटी कॉलेजचा अध्यापक हा या साखळीतील शेवटचा, परंतु विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळचा दुवा आहे. म्हणूनच हा प्रश्न प्रथम त्याचा आहे.

परदेशी साहाय्याची जुनी ओळख

हैदराबादला असे प्रकल्प नवे नाहीत. १९६८ मध्ये बालानगर येथे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मदतीने सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था स्थापन झाली. अंबरपेठला लागून असलेल्या रामंतापूर येथे १९७४ मध्ये स्वीडनच्या ‘सीडा’ या विकास संस्थेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक्स व प्रोसेस इन्स्ट्रुमेंटेशनची प्रगत प्रशिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थांचा रोख मुख्यतः कारखान्यांतील कुशल कामगार, निदेशक आणि तंत्रशिक्षण घेतलेल्या तरुणांकडे होता. त्यांना विद्यार्थी मिळवण्यासाठी गल्लोगल्ली फिरावे लागत नव्हते.

१९७८ मध्ये जुळ्या शहरांतील बेरोजगार तरुणांसाठी ‘सेटविन’ ही संस्था निघाली. तिच्या छोट्या बसगाड्या वस्त्यावस्त्यांतून धावत, आणि त्या चालवणारे तरुण लोकांना रोज दिसत. सेटविन परदेशी प्रकल्प नव्हता, तरी प्रसाराच्या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे. तेथे कामाचे फळ हीच जाहिरात होती.

पुढे प्रकल्पांचा रोख बदलला. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००७ मध्ये मंजूर झालेल्या व्यवसाय प्रशिक्षण सुधार प्रकल्पात २८ कोटी डॉलरचे कर्ज आणि ४०० आयटीआयची दर्जावाढ हा मुख्य भाग होता. ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू झालेली ‘नई मंज़िल’ योजना मात्र थेट शाळा सुटलेल्या अल्पसंख्याक तरुणांसाठी होती. तिचा खर्च ६५० कोटी रुपये, उद्दिष्ट १ लाख तरुणांचे, आणि निम्मा वाटा जागतिक बँकेचा. ज्याने एकदा शाळा सोडली आहे त्याला पुन्हा वर्गात बोलवायचे, तर घरापर्यंत जाणे आले. येथून प्रसार हा प्रकल्पाचा गाभ्याचा भाग झाला.

मोजमाप आणि संदेश

या नव्या प्रकल्पांचे यश आकड्यांत मोजले जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने मंजूर केलेल्या ‘संकल्प’ आणि ‘स्ट्राइव्ह’ या जागतिक बँक साहाय्यित योजनांत निधी ठरलेल्या फलनिष्पत्तीशी जोडलेला होता. केवळ इमारती उभारून पैसे संपवण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच चांगली. परंतु जे मोजले जाते तेच सांगितले जाते, हा तिचा दुसरा परिणाम आहे.

‘सीखो और कमाओ’ या २०१३ च्या केंद्रीय योजनेत किमान ७५ टक्के प्रशिक्षणार्थींना रोजगार, आणि त्यातील निम्म्यांना संघटित क्षेत्रात, अशी अट होती. हेतू चांगला होता. मात्र सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, तर हिंदू कामगारांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. ज्या समाजात गॅरेज, शिलाई, वेल्डिंग, फर्निचर यांची विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते, तेथे गणवेश आणि पगाराची पावती दाखवणारा फलक अर्ध्याहून अधिक घरांचे जगणे बाजूला ठेवतो. गोलनाक्याजवळ दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मुलाला स्वतःचे दुकान नीट चालवायचे असते. त्याच्याशी बोलायला असा संदेश तयारच नसतो.

जे सांगितले जात नाही

प्रसाराची खरी कसोटी नाव नोंदवण्यापूर्वी पडणाऱ्या प्रश्नांवर लागते. हे प्रमाणपत्र कोठे चालेल? सहा महिने कमाई बुडेल, ती कशी भरून निघेल? मुलीच्या येण्याजाण्याची सोय काय?

एकच उदाहरण घेऊ. हैदराबादच्या अनेक कुटुंबांची नजर आखाताकडे असते. पासपोर्टच्या नियमांनुसार दहावी उत्तीर्ण व्यक्तीला आखाती देशांत कामासाठी जाताना उत्प्रवास तपासणीतून सूट मिळते. मान्यताप्राप्त संस्थेचा दोन वर्षांचा व्यवसाय डिप्लोमा असलेल्यांनाही ती आहे. तीन महिन्यांच्या अल्पमुदत प्रमाणपत्राने ही सूट मिळत नाही. ‘नई मंज़िल’मध्ये मुक्त विद्यालयाद्वारे शालेय प्रमाणपत्र आणि व्यवसाय यांची सांगड घातली होती. तिचे मोल या एका नियमावरून कोणत्याही आईवडिलांना समजले असते. पण ‘भविष्य घडवा’ असे सांगणे सोपे, आणि पासपोर्टचा नियम समजावणे कष्टाचे.

भाषा आणि विश्वास

‘नई मंज़िल’, ‘उस्ताद’, ‘सीखो और कमाओ’ ही नावे लोकांच्या बोलीतली आहेत, हे मान्य करावे लागेल. दार ओलांडल्यावर मात्र पात्रता स्तर, क्षेत्र कौशल्य परिषद, मूल्यमापन यांची इंग्रजी सुरू होते. अंबरपेठमध्ये दखनी, तेलुगू आणि मराठी एकाच गल्लीत ऐकू येतात. २०१७ पासून उर्दू तेलंगणाची दुसरी राजभाषा आहे. तरीही अनुवाद हा पुरेसा उपाय नव्हे. पाउलो फ्रेरे यांनी १९६९ मध्ये चिलीतील कृषी विस्ताराच्या अनुभवावरून विस्तार आणि संवाद यांत भेद केला. एकाने ज्ञान नेऊन दुसऱ्याच्या हाती ठेवणे म्हणजे संवाद नव्हे, हा त्यांचा मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो. पत्रक उर्दूत छापले, पण उलट प्रश्न विचारायला कोणी समोर नसेल, तर ते एकतर्फीच राहते.

एक आक्षेप

सर्व अटी आधीच सांगितल्या तर नोंदणी घटेल, असे काही अध्यापक म्हणतील. लक्ष्यसंख्येचा दबाव खरा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु अर्धवट माहितीवर आलेला विद्यार्थी मध्येच गळतो, आणि गळताना आपल्या गल्लीत संस्थेविषयीचा अविश्वास घेऊन जातो. रोजंदारीवरील घरात सहा महिने ही लहान रक्कम नाही. ती वाया गेली तर धाकट्या बहिणीला त्या वर्गात कोणी पाठवणार नाही.

समारोप

प्रकल्पाचे निकष बदलणे अध्यापकाच्या हाती नाही, तरी पुढील तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. एक, प्रत्येक अभ्यासक्रमासाठी साध्या भाषेत एक पान तयार करावे. त्यात प्रमाणपत्राची मान्यता, एकूण खर्च, रोजचे तास आणि मागील तुकडीतील किती जण आज काय करतात, हे लिहावे. स्वतःचे दुकान काढणाऱ्यांचीही त्यात मोजदाद असावी. दोन, परिसरातील उस्तादांना वर्गात बोलवावे, कारण मुलगा कोठे शिकेल हे पुष्कळदा तेच ठरवतात. तीन, नोंदणीपूर्वी पालकांची, विशेषतः मातांची, एक बैठक घ्यावी. तीत संस्थेने कमी बोलावे आणि जास्त ऐकावे.

‘नई मंज़िल’ आणि तिच्यासारख्या योजना आता ‘पीएम विकास’मध्ये विलीन झाल्या आहेत. योजनेचे नाव पुन्हा बदलेल, निधी देणाराही बदलेल. अंबरपेठमधील घर तेच राहील, आणि ते अध्यापकाला नावाने ओळखेल. म्हणून प्रसाराचा शब्द त्याने स्वतः तपासून द्यावा.