नवं आणि नीट, एकाच पुडीत

फेब्रुवारी २०१८ मध्ये एक अक्षर जगभर फिरलं. तेलुगूतलं 'ज्ञा'. ज्ञानेश्वरांच्या नावातलं पहिलं अक्षर, फक्त लिपी वेगळी. साधं 'ज्ञा' असतं तर काहीच झालं नसतं. पण यात जोडाक्षर आणि काना यांच्या मधोमध एक न दिसणारं चिन्ह होतं. 'वाङ्‌मय' टाइप करताना ङ चा पाय मोडलेला दिसावा म्हणून आपण किंवा आपला कीबोर्ड जे चिन्ह घालतो, तेच. हे अक्षर मेसेजमधून आयफोनवर आलं की ते दाखवणारं ॲप कोसळायचं आणि पुन्हा उघडायला नकार द्यायचं. नोटिफिकेशनमध्ये आलं तर होम स्क्रीनच पडायची. लोकांनी अर्थातच ते मित्रांना गंमत म्हणून पाठवलं.

नंतर जाणकारांनी ही अक्षरांची साखळी उलगडली तेव्हा कळलं की प्रश्न तेलुगूपुरता नव्हताच. बंगालीत आणि देवनागरीतही तो होता. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन 'र' असेल, म्हणजे 'क्रा', 'प्रा' असं काही, आणि त्यात तेच अदृश्य चिन्ह घुसलं, की आयफोन तसाच आडवा व्हायचा. ही पहिली वेळही नव्हती. मे २०१५ मध्ये अरबी, देवनागरी आणि चिनी अक्षरांची मिसळ असलेली एक ओळ आयफोन बंद पाडत फिरत होती. त्यात देवनागरीचा वाटा म्हणजे दीर्घ ॡ ची मात्रा. ही मात्रा मराठी माणूस जन्मात वापरत नाही, पण फोन बंद पाडायला ती बरोब्बर सापडली.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक बारीक तपशील, आणि बातम्यांमध्ये तो शेवटच्या परिच्छेदात असायचा. तेलुगूची ही गडबड आयओएस ११.३ च्या चाचणी आवृत्तीत आधीच नाहीशी झालेली होती. म्हणजे उपाय तयार होता. तो फक्त पुढच्या गाडीत बसला होता. ती गाडी सुटणार होती मार्चअखेर, आणि तिच्यात आणखी कोण कोण होतं? सिंह, अस्वल, ड्रॅगन आणि कवटी असे चार नवे ॲनिमोजी. एका लिपीची अक्षरं धडपणे दिसणं आणि सिंहाच्या चेहऱ्याने बोलता येणं या दोन गोष्टी एकाच पुडीत बांधलेल्या होत्या. बोभाटा झाला म्हणून ॲपलने १९ फेब्रुवारीला घाईने ११.२.६ काढलं आणि दुरुस्ती वेगळी करून दिली. बोभाटा झाला नसता तर सिंहाबरोबरच आली असती.

फोनच्या अपडेटबद्दलचा सगळा वाद 'नवी फीचर्स हवीत की दर्जा हवा' असा मांडला जातो. जणू तराजूच्या दोन पारड्यांत बसवून कोण जड ते बघायचं आहे. मला ही मांडणीच फसवी वाटते. फीचर आणि दुरुस्ती एकमेकांच्या शत्रू नाहीत. त्यांना एका पुडीत घालून, एका ठरलेल्या तारखेला, 'घ्यायचं तर सगळं घ्या' म्हणून विकण्याची पद्धत ही खरी अडचण आहे. मग पुडीतला रंगीत कागद कशाचा असणार, हे सांगायला कोणी लागत नाही.

तारखेचं प्रकरण आधी. आयफोन सप्टेंबरात येतो, म्हणून आयओएस सप्टेंबरात येते. यंत्र कारखान्यात तयार होऊन पडलेलं, जाहिरातीची जागा घेतलेली, त्यामुळे सॉफ्टवेअरला 'आम्हाला अजून सहा आठवडे द्या' म्हणायची सोय नाही. आयओएस ११ चा २०१७ मधला पहिला हिवाळा आठवून बघा. इंग्रजी 'आय' टाइप केला की त्या जागी 'ए' आणि चौकोनातलं प्रश्नचिन्ह उमटायचं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या फोनवर लोकांना 'मी' लिहिता येत नव्हतं! ते सावरेपर्यंत २ डिसेंबर उजाडला आणि ठरावीक ॲप्सच्या रोजच्या आठवणींमुळे कित्येक फोन आपोआप पुन्हापुन्हा सुरू होऊ लागले. ११.२ शनिवारी काढावं लागलं. त्याच महिन्यात जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग कंपनीच मुद्दाम कमी करते हे उघड झालं, २८ डिसेंबरला जाहीर माफी आली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याची किंमत ७९ वरून २९ डॉलरवर उतरली.

या पार्श्वभूमीवर २०१८ ची आयओएस १२ वाचली पाहिजे. (हो, वाचली. अपडेट हाही एक मजकूर असतो, आणि त्याला लेखक, संपादक आणि छापखान्याची घाई हे सगळं असतं.) जूनमध्ये मंचावरून सांगितलं गेलं ते वेगाबद्दल, आणि उदाहरण घेतलं गेलं ते चार वर्षं जुन्या आयफोन ६ प्लसचं. ॲप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल, कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत, कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत. २०१३ चा आयफोन ५एससुद्धा यादीत होता. कंपनीने स्वतःच्या फोनवर स्वतः मोजलेले आकडे जपूनच घ्यायचे, पण मला इथे आकड्यांपेक्षा पात्रनिवड बोलकी वाटते. एरवी या नाटकाचा नायक नवा फोन असतो. त्या वर्षी पहिल्यांदा जुन्या फोनला संवाद मिळाले.

त्यावरून एक दंतकथा तयार झाली, की आयओएस १२ मध्ये नवीन काही नव्हतं म्हणून ती चांगली होती. तशीच दंतकथा ॲपलच्या संगणकांवरच्या २००९ च्या स्नो लेपर्डभोवती आहे. 'शून्य नवी फीचर्स' असं पडद्यावर दाखवून विकलेली ती आवृत्ती आजही दर्जाचं देवस्थान मानली जाते. भक्त विसरतात की तिच्या सुरुवातीच्या रूपात पाहुण्याच्या खात्यातून लॉगइन केल्यावर काही लोकांच्या सगळ्या फाइल्स पुसल्या गेल्या होत्या, आणि तिची ख्याती नंतरच्या दुरुस्त्यांनी कमावलेली आहे. आयओएस १२ मध्येही मेमोजी होते, स्क्रीन टाइम होता, सिरी शॉर्टकट्स होते. नवं भरपूर होतं.

आणि ग्रुप फेसटाइम होतं. त्याची कथा तराजूवाल्यांनी मुद्दाम बघावी अशी आहे. ते सप्टेंबरला तयार होईना, म्हणून ऑगस्टमध्ये चाचणी आवृत्तीतून काढून घेतलं. शहाणपणाचं पाऊल. ३० ऑक्टोबरला १२.१ बरोबर ते आलं. जानेवारी २०१९ मध्ये कळलं की कॉल लावायचा, समोरच्याने उचलायच्या आत स्वतःचाच नंबर तिसरा सदस्य म्हणून जोडायचा, की समोरच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. न उचलता! ॲरिझोनातल्या १४ वर्षांच्या एका मुलाला हे खेळता खेळता सापडलं होतं. त्याची आई आठवडाभराहून अधिक काळ कंपनीला कळवायची धडपड करत होती. शेवटी ती सेवाच काही दिवस बंद ठेवावी लागली आणि ७ फेब्रुवारीला १२.१.४ आलं. म्हणजे दर्जाचं वर्ष म्हणून मिरवलेल्या वर्षात, थांबवून, वेळ देऊन आणलेल्या फीचरमध्ये हे झालं. नुसता वेळ दिल्याने काम भागत नाही. तक्रार कोणत्या दारातून आत येते आणि आत तिचं काय होतं, हेही बघावं लागतं.

आतलं चित्र डेव्हिड शेयर या ॲपलच्या जुन्या इंजिनिअरने २०१९ मध्ये 'टिडबिट्स'वर लिहिलेल्या लेखात सापडतं. त्यातला एक मुद्दा मला कुठल्याही कादंबरीतल्या कचेरीइतका खरा वाटला. प्रत्येक टीमचं काम मागे पडलेलं असतं, पण 'आम्ही मागे आहोत' असं आधी कोण बोलणार? जो बोलेल त्याच्यामुळे उशीर झाला असं ठरतं. म्हणून सगळे गप्प बसून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि तारीख येते. दुसरा मुद्दा याहून जिव्हारी लागणारा. काल चालत होतं आणि आज बिघडलं, अशा बगला मान असतो. तो लगेच दुरुस्त होतो. पण तोच बग एकदा लोकांपर्यंत पोचला आणि पुढच्या आवृत्तीतही राहिला की 'जुना' होतो. जुन्या बगला कोणी वाली नसतो. तुमच्या फोनवर वर्षानुवर्षं असलेली ती एक बारकी चीड आणणारी गोष्ट, तुम्हाला वाटतं कंपनीला माहीत नसेल. बहुतेक माहीत असते. ती फक्त म्हातारी झालेली असते.

शेयर यांचा लेख आला तेव्हा आयओएस १३ ची फजिती ताजी होती. १९ सप्टेंबरला १३ आलं आणि पाचव्या दिवशी १३.१. आधीच्या वर्षीचा धडा एका वर्षात जिरला होता. त्यानंतर ॲपलने आतली पद्धत बदलल्याच्या बातम्या आल्या. अपुरी फीचर्स चाचणीच्या आवृत्तीत मुळात बंदच ठेवायची आणि एकेक चालू करून बघायची, म्हणजे कोणामुळे काय मोडतंय ते कळेल. वाचायला किरकोळ वाटतं, पण 'या वर्षी दर्जावर भर' अशा घोषणेपेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं. इथे एका पुडीतल्या वस्तू निदान आतल्या आत वेगळ्या बांधायला सुरुवात झाली.

ॲपललाच झोडायचं कारण इतकंच की तिच्या अपडेटला ठळक तारीख आणि सगळ्यांना दिसणारा मंच असतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आहे आणि तिथली पुडी अनेक दुकानांतून फिरून येते. शाओमीचा एमआय ए३ आठवा. २०१९ मध्ये भारतात आला तो अँड्रॉइड वनचा शिक्का घेऊन. कंपनीची भरताड नाही, शुद्ध अँड्रॉइड, वेळच्या वेळी अपडेट. अपडेट हेच ज्या फोनचं आकर्षण होतं, त्या फोनवर २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ आलं आणि ते घेतलेले बरेच फोन परत सुरूच झाले नाहीत. वितरण थांबवलं गेलं. वॉरंटी असो-नसो सर्व्हिस सेंटरमध्ये फुकट दुरुस्ती मिळेल असं कंपनीने सांगितलं, ते चांगलंच झालं. पण ज्यांनी वाट बघून, डेटा खर्चून, आधी जागा करायला फोटो उडवून ते अपडेट घेतलं, तेच सापडले. ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं ते वाचले.

इथे पुडीचा खरा धोका दिसतो. अपडेटने एकदा तोंड पोळलं की माणूस पुढचं अपडेट टाळतो, आणि त्या टाळण्यात सुरक्षेची दुरुस्तीही टळते. नव्या रंगरूपाला नकार देण्याची किंमत म्हणून दार उघडं टाकून झोपावं लागतं.

या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत असं मुळीच नाही. अँड्रॉइडवर २०१५ पासून सुरक्षेचे पॅच महिन्याच्या हिशेबाने निघतात आणि अँड्रॉइड १० पासून फोनचे काही आतले भाग प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर बदलता येतात. सेटिंग्जमध्ये 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' असं लिहिलेली तारीख असते, ती हीच. (एकदा बघा. कित्येकांच्या फोनवर ती तारीख आश्चर्य वाटावं इतकी जुनी असते.) ॲपलनेही २०२१ मध्ये आयओएस १५ आणताना एक पर्याय दिला होता. १४ वरच राहा, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात सभ्य निर्णय वाटला होता. जानेवारी २०२२ पर्यंत तो गुंडाळला गेला, आणि तो तात्पुरताच होता असं कंपनीने सांगितलं. नंतर २०२३ मध्ये छोट्या, स्वतंत्र सुरक्षा-दुरुस्त्यांचा प्रयोग झाला. पण 'मला माझा फोन आहे तसा आवडतो, फक्त तो सुरक्षित ठेवा' असं बिनबोभाट म्हणायची जागा आजही फार थोड्यांना आहे.

ती जागा नसण्यात समीक्षेचाही हात आहे. फोनची परीक्षणं करणारे, मराठी यूट्यूबवाले धरून, अपडेटचा व्हिडिओ 'दहा नवी फीचर्स' असा करतात. दहा भरली नाहीत तर वॉलपेपरही मोजतात. 'या अपडेटमध्ये विशेष काही नाही' हे वाक्य तक्रारीच्या सुरात येतं. एखाद्या कवीच्या नव्या संग्रहाचं परीक्षण 'यात पाच नवे शब्द आहेत' असं कोणी केलं, तर आपण हसू. तीन वर्षांचा, ४ जीबी रॅमचा फोन घेऊन, देवनागरीत टाइप करून, महिनाभर वापरून मग बोललेलं परीक्षण मी अजून शोधतोय. त्याला व्ह्यूज मिळणार नाहीत, हेही कळतं.

२३ जानेवारी २०२३ ला ॲपलने आयओएस १२.५.७ नावाचं एक अपडेट काढलं. ते ज्यांच्यासाठी होतं त्यांत २०१३ चा आयफोन ५एस होता, विक्रीतून कधीच बाद झालेला. ब्राउझरच्या इंजिनातलं एक भोक बुजवलं, एवढंच त्यात होतं. त्यासाठी मंच नव्हता आणि नवा ॲनिमोजीही नव्हता. नऊ वर्षांपूर्वीचा तो फोन जिथे कुठे अजून चार्जिंगला लावलेला होता, तिथे सेटिंग्जच्या चिन्हावर लाल गोळ्यात '१' उमटला.