मेंदूचे संगणकीय प्रतिरूप : दावा, प्रयोग आणि मर्यादा

संगणकावर मानवी मेंदूचे प्रतिरूप उभारणे ही एकविसाव्या शतकातील विज्ञानाची एक मोठी आकांक्षा होय. 2005 मध्ये लोझान येथे हेन्री मार्करम यांनी ‘ब्लू ब्रेन’ प्रकल्प सुरू केला व 2009 मध्ये दहा वर्षांत मानवी मेंदूचे प्रतिरूप शक्य असल्याचे प्रतिपादन केले. 2015 मध्ये प्रत्यक्षात प्रसिद्ध झाले ते उंदराच्या मेंदूतील सुमारे 31,000 चेतापेशींचे प्रतिरूप. मानवी मेंदूत अशा सुमारे 86 अब्ज पेशी असतात.

हे अंतर केवळ संगणकशक्तीच्या अपुरेपणामुळे राहिले, असे मानणे योग्य ठरणार नाही. ‘सी. एलिगन्स’ या कृमीच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा आराखडा 1986 मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही त्यावरून कृमीचे संपूर्ण वर्तन वर्तविता आलेले नाही. जोडण्यांच्या आराखड्यातून रासायनिक संदेशांचे बदलते बळ कळत नाही.

या संदर्भात मावळातील एक उदाहरण उद्बोधक आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. बस्तिक्रियेत पाणी आतड्यात वर कसे ओढले जाते, हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनातील एक मर्यादित प्रश्न होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले व त्या स्थितीला आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. येथे प्रश्न आधी होता, उपकरण नंतर. आणि मोजमापाने उत्तर चुकीचे ठरण्यास वाव होता. मात्र दाब मोजला म्हणजे योग्याची अनुभूती मोजली, असे म्हणता येत नाही. बृहत् मेंदूप्रकल्पांत हा क्रम उलटा झाला. 2013 मध्ये सुरू झालेल्या युरोपीय ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’वर 2014 मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राद्वारे टीका केली, ती याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

पावसाच्या संगणकीय प्रतिरूपाने कोणी भिजत नाही, असा जॉन सर्ल यांच्या 1980 मधील युक्तिवादाचा आशय आहे. यावर प्रतिपक्ष म्हणतो की, गणिताचे प्रतिरूप हे गणितच असते. मन पावसासारखे की गणितासारखे, हा प्रश्न पेशींची संख्या वाढवून सुटणारा नाही.

याचा अर्थ भविष्यातील शक्यता नाकाराव्यात असा नव्हे. अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूचे वैयक्तिक प्रतिरूप शस्त्रक्रियेच्या नियोजनास साहाय्यक ठरते का, याची चाचणी फ्रान्समध्ये 2019 पासून हाती घेण्यात आली. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये चेतासंधींच्या संगणकीय प्रतिरूपांवर संशोधन होते. हे प्रश्न लहान आहेत, पण तपासता येण्याजोगे आहेत. रुग्णाच्या दृष्टीने ‘संपूर्ण मेंदू’च्या घोषणेपेक्षा अशा प्रश्नांचे मोल अधिक आहे.