हिरवी टिक नेमकी कशाची?

डेस्कटॉप ॲपचं रिलीज म्हणजे एके काळी कुणाच्या तरी लॅपटॉपवरचं जागरण असायचं. विंडोजचा इन्स्टॉलर एकाकडे, मॅकचा दुसऱ्याकडे, लिनक्सवाल्यांनी आपलं आपण कंपाइल करायचं. गिटहब ॲक्शन्ससारख्या सेवांनी हे बदललं. एक टॅग टाका, तिन्हीकडे बिल्ड होतं, टेस्ट चालतात, डिजिटल सही होते, फाइल अपलोड होते. शेवटी हिरवी टिक. रिसर्च ग्रुपमध्ये कोड लिहिणारा पीएचडी संपवून निघून जातो, तिथे तर ही मोठीच सोय.

माझी तक्रार त्या टिकच्या अर्थाबद्दल आहे. ठरवलेल्या पायऱ्या पार पडल्या, एवढंच ती सांगते. आपण मात्र समजतो की सोर्समध्ये आहे तेच इन्स्टॉलरमध्ये आलंय.

मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या फोन-सॉफ्टवेअर कंपनीच्या डेस्कटॉप ॲपमध्ये मालवेअर सापडलं. विंडोजच्या ॲपवर कंपनीची खरी सही होती, मॅकचं ॲप ॲपलच्या नोटरायझेशनमधूनही पास झालेलं. घुसखोर थेट बिल्डच्या मशीन्सपर्यंत पोचले होते. सुरुवात कुठून? एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकलेल्या, आधीच मालवेअर घुसवलेल्या दुसऱ्याच एका ॲपमधून.

मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या 'टीजे-ॲक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स' या तयार ॲक्शनचे व्हर्जन-टॅग घुसखोरांनी स्वतःच्या कोडकडे वळवले. ती वापरणाऱ्यांचे पासवर्ड नि टोकन बिल्डच्या लॉगमध्ये छापले जाऊ लागले. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश लिहिला होता, ते वाचले.

यावर उपाय आहे, पण कष्टाचा. टोर ब्राउझरने २०१३ पासून असं बिल्ड जमवलंय की तोच सोर्स वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या मशीनवर बांधला तरी बाइट न् बाइट तीच फाइल निघावी. त्यासाठी वेळेचे शिक्के, फोल्डरचे पत्ते, फाइलींचा क्रम, सगळं बांधून घ्यावं लागतं. सही फाइल बदलते, म्हणून तुलना सहीआधी करायची.

छोट्या प्रोजेक्टला एवढं झेपणार नाही, मान्य. पण बाहेरच्या ॲक्शन्स हॅशने बांधणं आणि सहीची किल्ली बिल्डच्या जॉबपासून वेगळी ठेवणं, ही दुपारभराची कामं आहेत. दुसऱ्याचा निकाल पुन्हा काढून बघितल्याशिवाय आपण पेपरवर विश्वास ठेवत नाही ना? मग तो निकाल काढणाऱ्या ॲपला सूट का?